चेहरा, मुखवटा आणि पत

माणसाने आपली ओळख जगाला कशी करून द्यावी, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे आजचे रूप मात्र अंगठ्याच्या नखाएवढे लहान आहे. पक्षिनिरीक्षण, टपाल तिकिटांचा संग्रह, गिर्यारोहण, बुद्धिबळ, बागकाम अशा नाना छंदांची मंडळे आता इंटरनेटवर भरतात. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने नाव लिहावयाचे, दोन ओळींत परिचय द्यावयाचा आणि नावाशेजारच्या छोट्या वर्तुळात एक चित्र ठेवावयाचे, असा तेथील शिरस्ता आहे. या चित्राला कोणी ‘प्रोफाइल फोटो’ म्हणतो, तर तरुण मंडळी नुसते ‘डीपी’ म्हणून मोकळी होतात. नाव लिहिण्यास क्षणही लागत नाही; चित्र निवडताना मात्र हात अडखळतो. स्वतःचा चेहरा द्यावा, की एखादा पक्षी, एखादा किल्ला, एखादे जुने तिकीट? की काहीच न देता ती करडी, निनावी आकृती तशीच राहू द्यावी?

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याजोगा आहे, आणि तो क्षुल्लक मानला जातो म्हणूनच त्याची उत्तरे अविचाराने दिली जातात. ‘ज्याला लपवायचे काही नाही, त्याने चेहरा दाखवावा’ असा दंडक काही मंडळांचे व्यवस्थापक घालतात. अनेक स्त्रिया तो दंडक पाहून मागच्या पावली परततात. काही महाभाग दुसऱ्याचाच फोटो लावून मिरवतात. विश्वास, समता आणि खाजगीपण ही सार्वजनिक जीवनातील तीन मोठी मूल्ये त्या एवढ्याशा वर्तुळात एकमेकांना भिडतात. तेव्हा या विषयाकडे करमणूक म्हणून न पाहता थोडे गांभीर्याने पाहणे अगत्याचे आहे.

जुन्या काळातील दाखले

चित्राच्या द्वारे परिचय देण्याची हौस इंटरनेटने निर्माण केलेली नाही. पॅरिसमधील छायाचित्रकार दिसदेरी याने १८५४ साली भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्राचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक छबी टिपण्याच्या त्याच्या युक्तीमुळे फोटोचा खर्च एकदम उतरला. धनिकांच्या दिवाणखान्यातील तैलचित्राची जागा मध्यमवर्गीयाच्या खिशातील कार्डाने घेतली, आणि १८६०च्या दशकात अशी कार्डे वाटण्याचे व आल्बममध्ये जमवण्याचे वेड युरोप-अमेरिकेत पसरले. योगायोग असा की, त्याच १८५४ साली मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद होते. छंदाने एकत्र आलेल्या माणसांचे मंडळ आणि माणसाची छबी या दोन्ही गोष्टी मुंबईला अशा प्रकारे पावणेदोनशे वर्षांपासून परिचित आहेत.

परंतु छंदमंडळाच्या दृष्टीने याहूनही बोधप्रद उदाहरण हौशी रेडिओवाल्यांचे आहे. ‘हॅम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींना सरकारी परवान्याबरोबर एक संकेतनाम मिळते. भारतातील संकेतनामांचा प्रारंभ ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो. राजीव गांधी यांचे संकेतनाम ‘व्हीयू २ आरजी’ असे होते. हजारो मैलांवरच्या अपरिचिताशी रेडिओवर संभाषण झाले की, त्याची पोच म्हणून ‘क्यूएसएल’ कार्ड टपालाने पाठवण्याची प्रथा पडली. या कार्डावर कोणी आपल्या गावातील वास्तूचे चित्र छापी, कोणी आपल्या यंत्रसामग्रीचे, कोणी एखादे व्यंगचित्र. चेहरा असलाच पाहिजे असा आग्रह नव्हता. ओळख पटे ती संकेतनामावरून. आणि पत ठरे ती संभाषणातील सचोटीवरून व कार्डावरील नोंदीच्या अचूकतेवरून.

चित्र हे ओळखीचे साधन म्हणून किती समर्थ असू शकते याचा सर्वांत मोठा प्रयोग तर याच देशात झाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. काँग्रेसची बैलजोडी ओळखण्यासाठी कोणाला उमेदवाराचा चेहरा पाहावा लागला नाही. चिन्ह साधे असावे, दुसऱ्या चिन्हाहून स्पष्टपणे वेगळे असावे आणि ते वारंवार बदलू नये, हे तीन धडे त्या प्रयोगातून मिळतात. आणि ते आजच्या त्या छोट्या वर्तुळालाही तंतोतंत लागू पडतात.

संगणकाच्या दुनियेने या प्रातिनिधिक चित्राला जे नाव दिले तेही आपल्याच शब्दभांडारातून उचललेले आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास ‘हॅबिटॅट’ या संगणकीय खेळाच्या रचनाकारांनी पडद्यावरील खेळाडूच्या आकृतीला ‘अवतार’ म्हटले आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने तो शब्द रूढ केला. अवतार म्हणजे खाली उतरणे. मूळ रूप जसेच्या तसे प्रकट होणे हा त्या शब्दाचा अर्थ नाही; कार्याला अनुरूप असे रूप धारण करणे हा त्याचा भाव आहे. पडद्यावरील चित्राकडून याहून अधिकाची अपेक्षा करणे म्हणजे शब्दाचा मूळ अर्थच विसरणे होय.

चित्र काय सांगते, काय सांगत नाही

अर्थशास्त्रात ‘असमान माहिती’ची समस्या प्रसिद्ध आहे. विकणाऱ्याला मालाची जेवढी माहिती असते तेवढी घेणाऱ्याला नसते; अशा बाजारात चांगला माल मागे पडून हलका माल पुढे येतो, हे जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली याची दुसरी बाजू मांडली. ज्याच्याकडे खरोखर गुण आहे त्याला तो सिद्ध करणारा एखादा ‘संकेत’ द्यावा लागतो. आणि तो संकेत विश्वसनीय ठरण्यासाठी, ज्याच्याकडे गुण नाही त्याला तो देणे महाग पडले पाहिजे. या विवेचनाबद्दल दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

छंदमंडळातील चित्राला ही कसोटी लावून पाहावी. पक्षिनिरीक्षकांच्या मंडळात एखादा सभासद ‘अमुक पाणवठ्यावर तमुक दुर्मीळ पक्षी पाहिला’ अशी नोंद करतो. ती नोंद खरी मानावी की नाही हा तेथील कळीचा प्रश्न असतो. सभासदाचा हसरा, सुस्पष्ट चेहरा या प्रश्नाचे काही उत्तर देतो काय? मुळीच नाही. चेहरा लावणे जाणकारालाही तितकेच सोपे आणि अडाण्यालाही तितकेच सोपे. किंबहुना कोणाचा तरी चेहरा उचलून लावणे लबाडाला अधिकच सोपे. म्हणजे स्पेन्स यांच्या अर्थाने चेहरा हा संकेतच नव्हे. खरा संकेत तो आहे, ज्याला श्रम पडतात: वर्षानुवर्षांच्या नोंदी, पक्ष्याचे स्पष्ट छायाचित्र, आवाजाचे ध्वनिमुद्रण, आणि चूक दाखवून दिल्यावर ती दुरुस्त करण्याची तयारी. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण चेहऱ्याच्या बाबतीत जेवढी खरी आहे, तेवढी नोंदवहीच्या बाबतीत नाही.

महाग संकेत म्हणजे खर्चिक चित्र, असा उलटा अर्थही काहींनी काढून पाहिला. २०१७ साली ‘क्रिप्टोपंक्स’ आणि २०२१ साली ‘बोअर्ड एप यॉट क्लब’ या नावाने प्रत्येकी दहा हजार संगणकीय चित्रे निघाली. त्यांच्या मालकीची नोंद ब्लॉकचेनवर होत असल्याने ती प्रतिष्ठेची चिन्हे बनली, आणि माकडाचे एक चित्र नावाशेजारी लावता यावे म्हणून लक्षावधी रुपये मोजण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये ट्विटरने अशा चित्रांसाठी षट्कोनी चौकटही उपलब्ध करून दिली. पुढे भाव कोसळले आणि २०२४ च्या प्रारंभी ती चौकटही नाहीशी झाली. हा संकेत महाग होता हे खरे. परंतु तो ऐपतीचा संकेत होता, गुणवत्तेचा नव्हे. उधळपट्टीतून प्रतिष्ठा मिळवण्याच्या या वृत्तीचे विश्लेषण थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच करून ठेवले आहे. छंदाच्या मंडळात ऐपतीला काय महत्त्व?

चेहरा आणि पूर्वग्रह

चेहरा गुणवत्ता सांगत नाही, एवढ्यावर भागले असते तर प्रश्न नव्हता. परंतु तो पाहणाऱ्याच्या मनात भलतेच काही सांगून जातो. जॅनिन विलिस व अलेक्झांडर टोडोरोव्ह यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, अनोळखी चेहरा केवळ एक दशांश सेकंद पाहूनही माणसे त्याच्या विश्वासार्हतेविषयी मत बनवतात, असे आढळले. अधिक वेळ दिला तरी ते मत फारसे बदलत नाही. त्याविषयीची खात्री तेवढी वाढते. मत इतक्या लवकर बनत असेल तर ते विचारातून बनत नाही, हे उघड आहे.

याचे आर्थिक परिणामही मोजले गेले आहेत. घरे भाड्याने देणाऱ्या ‘एअरबीएनबी’ या सेवेवर न्यूयॉर्कमधील घरमालकांची छायाचित्रे दिसत. बेंजामिन एडेलमन व मायकेल लुका यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सारख्याच प्रतीच्या घरासाठी कृष्णवर्णीय नसलेल्या मालकांना सुमारे १२ टक्के अधिक भाडे मिळत होते. पुढे पाहुण्यांच्या बाबतीतील भेदभावाचीही चर्चा झाली आणि २०१८ साली कंपनीने, आरक्षण पक्के होईपर्यंत पाहुण्याचा फोटो यजमानाला न दाखवण्याचे धोरण स्वीकारले. अमेरिकेतील वाद्यवृंदांनी हा शहाणपणा त्याच्या कितीतरी आधी दाखवला होता. उमेदवाराला पडद्याआड बसवून त्याचे वादन ऐकण्याची पद्धत १९७०च्या दशकापासून तेथे पसरत गेली. या पडद्यामुळे स्त्री-वादकांना पुढील फेरीत जाण्याची संधी वाढली, असा निष्कर्ष क्लॉडिया गोल्डिन व सेसिलिया राउझ यांनी २००० साली मांडला. त्यांच्या आकडेवारीच्या बळकटीविषयी पुढे वाद झाला. पण जे ऐकायचे आहे ते ऐकावे, जे पाहण्याची गरज नाही ते पाहू नये, या तत्त्वाच्या न्याय्यतेविषयी वाद होण्याचे कारण नाही. हौसेने एकत्र येऊन संगणकाचे आज्ञावली-लेखन करणाऱ्यांच्या ‘गिटहब’वरील समूहांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. समूहाला अपरिचित असलेल्या स्त्रीचे स्त्रीपण तिच्या परिचयावरून कळत नसे, तेव्हा तिच्या सूचना पुरुषांच्या सूचनांपेक्षा अधिक प्रमाणात स्वीकारल्या जात; ते कळले की मात्र पारडे उलट फिरे.

आपल्याकडे तर याला आणखी पदर आहेत. महाराष्ट्रात नुसत्या आडनावावरून माणसाची जात ताडण्याची खोड सुशिक्षितांनाही आहे. त्यात कपाळावरचे कुंकू, डोक्यावरची टोपी, पदर, बुरखा, कातडीचा वर्ण यांची भर पडली की, मजकूर वाचण्यापूर्वीच लेखकाचा निकाल लागतो. तालुक्याच्या गावातील एखादी विद्यार्थिनी फुलपाखरांविषयी महत्त्वाचे निरीक्षण मांडते, तेव्हा तिला मिळणारा पहिला प्रतिसाद निरीक्षणाविषयी असावा की तिच्या दिसण्याविषयी? उत्तर स्पष्ट आहे. ज्या मंडळात चेहरा सक्तीचा आहे तेथे मात्र ते व्यवहारात उतरण्याची शाश्वती नाही.

फोटोचा गैरवापर आणि कायद्याची उणीव

पूर्वग्रहापेक्षाही उघड धोका गैरवापराचा आहे. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये काही विकृत तरुणांनी मुस्लिम स्त्रियांची त्यांनी स्वतः समाजमाध्यमांवर ठेवलेली छायाचित्रे उचलून त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडला. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी काहींना अटकही केली. या स्त्रियांनी कोणताही अविचार केला नव्हता. इतर कोट्यवधींप्रमाणे त्यांनी आपल्या नावाशेजारी आपला चेहरा ठेवला होता, एवढेच.

भारतातील अनेक स्त्रिया याच भीतीपोटी चेहरा असलेला फोटो ठेवीत नाहीत, हे फेसबुकलाही आपल्या पाहणीत आढळले. म्हणून जून २०१७ मध्ये त्या कंपनीने परिचयाचा फोटो कोणाला उतरवून घेता येऊ नये यासाठी एक ‘ढाल’ प्रथम भारतात उपलब्ध करून दिली. फोटोवर नक्षीचा एखादा थर चढवला तर तो उचलला जाण्याची शक्यता किमान ७५ टक्क्यांनी घटते, असे कंपनीने प्राथमिक चाचण्यांच्या आधारे सांगितले होते. परंतु अशा ढाली चोराला अडवतात, यंत्राला नव्हे. अमेरिकेतील ‘क्लिअरव्ह्यू एआय’ या कंपनीने इंटरनेटवरून तीन अब्जांहून अधिक छायाचित्रे गोळा करून चेहऱ्यावरून माणूस शोधून काढणारे यंत्र बनवल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघडकीस आले. बुद्धिबळाच्या मंडळात लावलेला चेहरा, नातेवाइकांच्या लग्नातील चेहरा आणि मोर्चातील चेहरा हे तिन्ही एकाच माणसाचे आहेत, हे ओळखण्यास यंत्राला आता कष्ट पडत नाहीत. छंद, घर आणि नागरिकत्व यांमधील भिंती त्यामुळे कोसळतात. आता तर एकाच छायाचित्रावरून खोटी चलत्‌चित्रे बनवण्याची साधने हाती आली आहेत.

कायदा या बाबतीत काय आधार देतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमानुसार संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही संमत झाला. तथापि, या कायद्याच्या तिसऱ्या कलमातच अशी तरतूद आहे की, व्यक्तीने स्वतः होऊन सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागू होणार नाही. याचा सरळ अर्थ असा की, जो चेहरा आपण आपल्या हाताने साऱ्या जगासमोर ठेवला, त्याच्या संरक्षणासाठी या कायद्याकडे बोट दाखवता येणे कठीण. फसवणूक किंवा बदनामी झाल्यावर इतर कायदे धावून येतील. पण ती होण्यापूर्वीचे संरक्षण ज्याचे त्यानेच करावयाचे आहे. चित्र निवडण्याचा तो एक क्षण म्हणूनच निर्णायक ठरतो.

टोपणनाव म्हणजे बेनामीपणा नव्हे

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षणीय नाही. चेहरा झाकला की जीभ सैल सुटते. मुखवट्याआडून शिवीगाळ होते. तेव्हा खरा चेहरा आणि खरे नाव सक्तीचे करणे हाच सभ्यतेचा मार्ग होय, असे त्याचे स्वरूप आहे. दक्षिण कोरियाने हा उपाय प्रत्यक्ष करून पाहिला. मोठ्या संकेतस्थळांवर मजकूर लिहिण्यापूर्वी खरी ओळख पटवण्याची सक्ती तेथे २००७ पासून लागू झाली. बेकायदा मजकुरात म्हणावी तशी घट झाली नाही. मात्र सक्तीने गोळा झालेल्या माहितीचे साठे चोरांना खुणावू लागले. जुलै २०११ मध्ये तेथील एका कंपनीच्या संकेतस्थळांवरून सुमारे साडेतीन कोटी सभासदांची माहिती चोरीस गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ती सक्ती एकमताने घटनाबाह्य ठरवली. शिवाय हे कोणालाही अनुभवाने ठाऊक आहे की, आपल्या खऱ्या नावाने व खऱ्या चेहऱ्याने अर्वाच्य लिहिणाऱ्यांची आज काही वाण नाही.

आक्षेप घेणारे एक महत्त्वाचा भेद विसरतात. बेनामी असणे वेगळे आणि टोपणनावाने ओळखले जाणे वेगळे. बेनामी माणूस आज येतो, चिखल उडवतो आणि उद्या दुसऱ्या रूपाने परततो. टोपणनावाचा माणूस मात्र त्या नावावर पत साठवीत जातो आणि ती गमावण्याचे भय त्याला सभ्य ठेवते. एरिक फ्रीडमन व पॉल रेझनिक यांनी २००१ साली याचे अर्थशास्त्र मांडले. नवे नाव फुकट मिळत असेल तर कोणत्याही नवागतावर विश्वास ठेवणे धोक्याचे होते आणि त्याची किंमत प्रामाणिक नवागतालाही मोजावी लागते. यावर इलाज चेहऱ्याचा नव्हे, सातत्याचा आहे. एकच नाव, एकच चित्र आणि त्यामागे उभी राहिलेली कामाची नोंद हेच सभासदाचे भांडवल होय.

मराठी माणसाला हे नव्याने सांगावयास नको. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात आपली परखड पत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. ते नाव आज मूळ नावाहून मोठे आहे. राम गणेश गडकऱ्यांनी कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदासाठी ‘बाळकराम’ असे स्वतंत्र अवतार घेतले; नाटके आपल्या नावावर ठेवली. कृष्णाजी केशव दामले यांच्यापेक्षा ‘केशवसुत’ आणि विष्णु वामन शिरवाडकर यांच्याइतकेच ‘कुसुमाग्रज’ मराठी वाचकाला जवळचे आहेत. या नावांमागे लपवाछपवी नव्हती. प्रत्येक क्षेत्रात त्या क्षेत्राला शोभेल असे नाव घ्यावे आणि ते कामाने मोठे करावे, अशी ती रीत होती. छंदमंडळातील चित्र या परंपरेचे अगदी धाकटे भावंड आहे.

मग निवडावे काय?

पहिली गोष्ट, चित्र खोटे बोलू नये. स्वतःचा चेहरा न लावणे हे असत्य नव्हे. दुसऱ्याचा चेहरा आपला म्हणून लावणे हे असत्य होय. त्याच न्यायाने, दुसऱ्याने टिपलेला पक्ष्याचा देखणा फोटो लावणे हीही छंदाच्या मंडळात एक प्रकारची फसवणूक आहे. कारण पाहणारा तो सभासदाच्याच कॅमेऱ्याचा समजतो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा. इंटरनेटवर सापडले म्हणून ते कोणाचेच नाही असे होत नाही. स्वतः टिपलेला ओबडधोबड साळुंकीचा फोटो उसन्या गरुडापेक्षा शतपट प्रतिष्ठेचा. आपल्या संग्रहातील तिकीट, आपण चढून गेलेल्या किल्ल्याचा दरवाजा, आपल्या कुंडीतले रोप, आपल्या हातचे रेखाटन यांतून माणूस चेहऱ्यापेक्षा अधिक खरा प्रकट होतो.

दुसरी गोष्ट, चित्र साधे असावे. वर्तुळ लहान असते. त्यात सहलीतील वीस जणांचा घोळका किंवा बारीक अक्षरांतील सुविचार दिसत नाही. एक आकृती आणि मोकळी पार्श्वभूमी पुरे. तिसरी गोष्ट, ते वारंवार बदलू नये. सणावारी पाटी बदलणाऱ्या दुकानाचे गिऱ्हाईक गोंधळते. चौथी गोष्ट, चेहरा द्यावयाचाच असेल तर तो विचारपूर्वक द्यावा. पार्श्वभूमीत घराचा क्रमांक, शाळेचा गणवेश, गाडीची पाटी किंवा लहान मुले नसावीत; आणि एका मंडळातला फोटो दुसरीकडे वापरू नये, म्हणजे निदान सहजासहजी धागा जुळणार नाही. चेहरा देणे वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. पुष्कळांना तो देण्यात आनंद आहे आणि स्नेहसंमेलनात प्रत्यक्ष भेट झाल्यावर ओळख पटण्याची सोयही त्यात आहे. मात्र तो स्वेच्छेचा भाग असावा.

मंडळांच्या व्यवस्थापकांची जबाबदारी याहून मोठी आहे. चेहऱ्याची सक्ती त्यांनी ताबडतोब सोडून द्यावी. सभासदाची खातरजमा करणे आवश्यक वाटत असेल तर ती जुन्या सभासदाच्या शिफारशीवरून किंवा पहिल्या काही नोंदी तपासून करावी. तो फोटो साऱ्या गावाला दाखवण्याचे कारण नाही. चित्र नसलेल्या सभासदाला संशयिताची वागणूक देऊ नये. उसना चेहरा लावणाऱ्याला मात्र हयगय न करता दूर करावे. अठरा वर्षांखालील सभासदांच्या बाबतीत तर चेहरा न लावण्याचाच नियम असावा. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. पक्षिनिरीक्षकांच्या ‘ईबर्ड’ या जागतिक नोंदवहीत शिकारीचा वा उपद्रवाचा धोका असलेल्या पक्ष्यांचे नेमके ठिकाण सर्वांना दाखवले जात नाही. पाखराच्या घरट्याला जे संरक्षण देण्याची समज आहे, ते नोंद करणाऱ्या मुलीला नाकारण्यात कोणती संगती?

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनाही येथे काम आहे. अर्ज कसा लिहावा, पत्राचा मायना कसा असावा हे आपण मुलांना शिकवतो. इंटरनेटवर आपली ओळख कशी द्यावी हे मात्र ती मित्रांच्या अनुकरणातून शिकतात. तासाभराच्या चर्चेत हा विषय सहज मांडता येईल. त्यासाठी अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

छंद ही माणसाने स्वतःसाठी राखून ठेवलेली मोकळी जागा आहे. कचेरीतील हुद्दा, घरातील नाते, समाजाने चिकटवलेली जात आणि आरशातील रूप या साऱ्यांची ओझी उंबरठ्याबाहेर ठेवून जेथे केवळ जाणकारीच्या आणि आवडीच्या बळावर बसता येते, अशा जागा समाजात आधीच थोड्या आहेत. तेथे प्रवेश करताना कोणाकडे चेहरा मागावयाचा नसतो. मागावयाची असते ती सचोटी. ती चित्रात दिसत नाही, कामात दिसते. आणि काम पाहण्याची सवय लागली की, चित्र कोणते आहे याकडे लक्ष जाण्याचे कारणच उरत नाही.